निवडुंग खाता येतो का? कोणता, कसा आणि कोणता चुकूनही नाही

सोशल मीडियावर असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. माळरानावर कुणीतरी चिमट्याने निवडुंगाचं लालभडक बोंड तोडतं, जाळावर फिरवतं, सुरीने सोलतं आणि आतला जांभळट लाल गर थेट तोंडात टाकतं. खाली कमेंट्समध्ये दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "लहानपणी गुरं राखताना खूप खाल्लीत, तोंड रंगायचं." दुसरे विचारतात, "आमच्या बांधावर आहे निवडुंग, खाल्ला तर चालेल का?"

पहिल्यांचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्यांच्या प्रश्नाला मात्र "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण मराठीत ज्याला आपण निवडुंग म्हणतो, त्या नावाखाली दोन पूर्णपणे वेगळी घराणी नांदतात. एक खाण्यासारखं आहे. दुसऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर माणसाला दवाखाना गाठावा लागतो.

एकच नाव, दोन घराणी

व्हिडिओत दिसतो तो फड्या निवडुंग. नागाच्या फण्यासारखी किंवा चपलेच्या तळव्यासारखी चपटी, मांसल पानं एकावर एक उगवलेली. खरं तर ती पानं नाहीतच, ते खोड आहे. शास्त्रीय भाषेत हा 'ओपन्शिया'. हिंदीत नागफणी, गुजरातीत हाथला थोर. हा खराखुरा कॅक्टस, म्हणजे कॅक्टेसी कुळातला.

आता शेताच्या कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग आठवा. तीन धारा असलेलं उभं खोड, धारेवर काट्यांच्या जोड्या. किंवा साबर. किंवा बिनकाट्याचा, हिरव्या पेन्सिलींचा झुपका दिसावा तसा शेर. यातलं एकही झाड कॅक्टस नाही. हे सगळे 'युफोर्बिया', म्हणजे एरंडाच्या कुळातले. कोरड्या हवेत तगून राहायचं तर पाणी खोडात साठवावं लागतं आणि पानांची उधळपट्टी परवडत नाही, म्हणून दोन्ही कुळं दिसायला सारखी झाली. नातं मात्र काही नाही.

यांच्यातला फरक जीवावर बेतणारा का आहे? युफोर्बियाला जरा खरचटलं की पांढराशुभ्र चीक येतो. तो कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन तात्पुरतं दिसेनासं होऊ शकतं, आणि उपचार वेळेत झाले नाहीत तर कायमची इजाही होऊ शकते. पोटात गेला तर तोंड-घसा भाजल्यासारखा होतो, उलट्या-जुलाब होतात. आयुर्वेदात यातल्या काही झाडांना स्नुही म्हणतात आणि त्यांची गणना अतितीव्र रेचकांत होते. मूळव्याध, भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्राच्या दोऱ्यावर याच चिकाचा लेप देतात. औषधात चीक वापरला जातो हे खरं, पण "आयुर्वेदात आहे म्हणजे खायला चालतं" हा निष्कर्ष इथे फार महागात पडतो.

ओळखायचं कसं? चपटे फडे हे पहिलं लक्षण. दुसरं म्हणजे कॅक्टसचे काटे नेहमी एका छोट्या, लवदार, उशीसारख्या ठिपक्यातून उगवतात आणि त्या ठिपक्यांची फड्यावर नेमकी रांग असते. तिसरं, फडा कापला तर आत भेंडी किंवा कोरफडीसारखा पारदर्शक, बुळबुळीत रस दिसतो. पांढरं दूध दिसलं तर विषय तिथेच संपला. सुरी ठेवायची, हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्याला हात लावायचा नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. पांढरा चीक नाही म्हणजे खाण्यायोग्य, असं समीकरण नाही. नर्सरीतून आणलेल्या कुंडीतल्या शोभेच्या कॅक्टसवर हा प्रयोग करू नये. त्यात शेकडो जाती असतात आणि कोणत्यावर कसली फवारणी झाली हे कुणालाच माहीत नसतं. मेक्सिकोत पेयोटे नावाचा छोटा, बिनकाट्याचा, निरुपद्रवी दिसणारा कॅक्टस मिळतो. त्यात मेस्कॅलिन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं.

काट्यांना नाही, कुसळांना घाबरा

फड्या निवडुंगाचे लांब काटे दिसतात, त्यामुळे माणूस ते चुकवतो. खरा त्रास देतात ती त्या लवदार ठिपक्यांत दडलेली केसाएवढी बारीक कुसळं. ती बोंडावरही असतात. नुसता हात लागला तरी शेकड्यांनी सुटून कातडीत घुसतात. त्यांना उलटे दाते असतात, गळाला असतात तसे, म्हणून आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड. "काट्याने काटा काढावा" हा नियम इथे चालत नाही. बाभळीच्या काट्याने कोरायला गेलात तर कुसळ तुटून आत राहतं.

म्हणूनच जिथे जिथे लोक पिढ्यान् पिढ्या ही फळं खात आले, तिथे तोडण्याचं सगळं तंत्र कुसळांभोवती फिरतं. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचे शेतकरी पहाटे, दव असताना फळं उतरवतात. ओली कुसळं उडत नाहीत. कडक उन्हात आणि वाऱ्यात हीच कुसळं हवेत तरंगतात आणि डोळ्यात, नाकात जातात. (डोळ्यातल्या कुसळाची आणि मुसळाची म्हण आपल्याकडे आहेच, पण या कुसळापुढे मुसळ बरं वाटेल.) वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं. हातमोजे असले तरी चिमटा, सांडशी किंवा पुढे चिरलेली लांब काठी वापरायची. कापडी मोज्यांत कुसळं अडकून राहतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात, त्यामुळे जाड चामड्याचे मोजे बरे.

बोंड पिकलं की नाही हे रंगावरून कळतं. आपल्याकडच्या रानटी जातींची बोंडं हिरवी असतात, मग तांबूस होतात आणि पिकली की गडद लाल-जांभळी दिसतात. चिमट्यात धरून हलकं पिरगाळलं तर पिकलेलं बोंड सहज सुटतं. ओढावं लागत असेल तर अजून कच्चं आहे.

कुसळं काढायचे तीन मार्ग आहेत. जाळावर किंवा निखाऱ्यांवर चिमट्याने फिरवून ती जाळून टाकणं हा सगळ्यात खात्रीचा. चुरचुर आवाज येतो आणि बोंडाचं अंग तुकतुकीत दिसायला लागतं. दुसरा, जमिनीवर वाळूत किंवा गवतात पसरून झाडूने किंवा पाल्याच्या फांदीने लोळवणं. गुराख्यांची रीत हीच. तिसरा, पाण्यात टाकून काठीने ढवळणं आणि पाणी दोन-तीनदा बदलणं. घरी करायचं असेल तर गॅसवर भाजून मग धुणं चांगलं, आणि ते धुतलेलं पाणी भांडी घासायच्या स्पंजवर ओतू नये. स्पंजात अडकलेली कुसळं पुढचा आठवडाभर आठवण करून देतात.

मग बोंड काट्याच्या चमच्याने दाबून धरायचं, दोन्ही टोकं कापायची, उभी एक चीर द्यायची आणि साल बाजूला उलगडायची. सालीला हात लावावा लागत नाही. आत गर आणि भरपूर कडक बिया. आपल्याकडच्या रानटी बोंडांची चव आंबट-गोड असते. बाजारातल्या लागवडीच्या फळाएवढी गोडी त्यात नसते, म्हणून रस काढून त्यात साखर किंवा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून सरबत करणं जास्त जमतं. रस मात्र आधी स्वच्छ पातळ कापडातून गाळायला हवा. चुकार कुसळ राहिलं असेल तर तिथे अडकतं.

इतकं करूनही हातात कुसळं गेलीच, तर चोळू नका आणि तोंडाने ओढून काढायला तर अजिबात जाऊ नका, ती जिभेत जातात. आधी चिमट्याने जेवढी निघतील तेवढी काढा. मग साधा पांढरा डिंक पातळ थरात लावा, त्यावर गॉजची पट्टी ठेवा, वाळू द्या आणि सावकाश सोला. उरलेली बरीचशी त्याबरोबर येतात. घशात किंवा डोळ्यात गेली असतील तर घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर?

बोंडं खाल्ल्यावर गुगलवर सगळ्यात जास्त घाबरून शोधली जाणारी गोष्ट बहुधा हीच असावी. बिटात असतो त्याच गटातला रंग निवडुंगाच्या बोंडात असतो. काहींच्या शरीरात तो पूर्ण मोडत नाही आणि लघवीतून बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत रंग गेला तर काळजी नाही. बोंडं खाल्लेली नसताना किंवा त्यानंतरही लाली टिकली तर तपासून घ्यायलाच हवं.

बियांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. त्या पचत नाहीत. दोन-चार बोंडांच्या बिया गिळल्या तर काही होत नाही, पण एका बैठकीत पंधरा-वीस बोंडं बियांसकट खाल्ली तर त्या मोठ्या आतड्यात खड्यासारख्या घट्ट बसू शकतात. भूमध्य समुद्राजवळच्या देशांत हंगामात असे रुग्ण, विशेषतः लहान मुलं, रुग्णालयात आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पहिल्यांदा खाणाऱ्याने एक-दोन बोंडांवर थांबावं, मुलांना गाळलेला रसच द्यावा.

आणि आता व्हॉट्सॲपचा आवडता मुद्दा. गुजरातेत कच्छ-सौराष्ट्रात या फळाला 'फिंडला' म्हणतात आणि त्याचा रस बाटल्यांत विकला जातो. हिमोग्लोबिन वाढतं, मधुमेह बरा होतो, असे दावे त्याबरोबर येतात. फळात क जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम चांगलं असतं, तंतूही असतात. कोवळ्या फड्यांच्या भाजीमुळे जेवणानंतरची साखर कमी वाढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण "कमी वाढते" आणि "बरा होतो" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रोज निवडुंग खायचा तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच. फड्यांत ऑक्झलेटही भरपूर असतं. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी तो बेतानेच खावा.

फड्याची भाजी

बोंडं आपल्याकडे माहीत आहेत. फडाच चिरून भाजी करायची, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. मेक्सिकोत ते रोजचं अन्न आहे. तिथे फड्याला नोपाल म्हणतात, फळाला तुना. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच निवडुंगावर. अझटेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजची मेक्सिको सिटी, तिच्या नावातच दगडावर उगवलेल्या निवडुंगाची गोष्ट आहे. त्याच शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता नावाचा भाग आहे, तिथे डोंगरउतारावर नोपालची शेतीच शेती. बाजारात बायका हातात फडा धरून सुरीने सपासप काटे तासत बसलेल्या असतात, आपल्याकडे मंडईत गवार मोडत बसतात तितक्या सहजपणे.

भाजीला फक्त कोवळा फडा चालतो. तळहातापेक्षा मोठा नको, वाकवला तर कटकन मोडणारा हवा. अगदी कोवळ्या फड्यावर काट्यांच्या जागी छोटी, मऊ, शंकूसारखी पानं दिसतात. तीच या झाडाची खरी पानं, पुढे ती गळून जातात. काटे आणि कुसळं तासून, कडा कापून, पट्ट्या चिरायच्या आणि मीठ घालून उकळायच्या किंवा तव्यावर भाजायच्या. बुळबुळीतपणा भेंडीसारखाच असतो आणि उपायही तोच, मोठी आच आणि झाकण नाही. चव फरसबी आणि कैरी यांच्या मधली कुठली तरी. १०० ग्रॅम कच्च्या फड्यात सुमारे ९४ टक्के पाणी, १६ कॅलरी आणि १६० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. अर्थात ऑक्झलेटमुळे त्यातलं सगळं कॅल्शियम शरीराला मिळत नाही.

एक मजेशीर गोष्ट अशी की फड्याची चव दिवसाच्या वेळेवर अवलंबून असते. बहुतेक झाडं दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंगाने दिवसा तोंडं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून तो रात्री घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. दिवसभर ते आम्ल वापरलं जातं. त्यामुळे भल्या पहाटे तोडलेला फडा चांगलाच आंबट लागतो, दुपारी तोडलेला सौम्य. मेक्सिकोतल्या बायकांना हे वनस्पतिशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

महाराष्ट्रातल्या रानटी फड्याला काटे जास्त आणि गर राठ असतो, त्यामुळे मेक्सिकन रेसिपी पाहून तोच वापरायला गेलात तर कष्ट फार आणि भाजी चिमूटभर असं होईल.

सग्वारो: जिथे फळाआधी पाऊस मागतात

रानातला कॅक्टस तोडणं हा अमेरिकेतल्या ॲरिझोनात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत राहणाऱ्या तोहोनो ओऑदम या आदिवासी समाजासाठी वर्षाची सुरुवात आहे. त्यांचं वर्ष सग्वारोच्या हंगामापासून मोजलं जातं. सग्वारो म्हणजे वेस्टर्न सिनेमात दिसतो तो दोन हात वर केलेला उंच कॅक्टस. तो १२ मीटर आणि त्याहूनही वाढतो, फळं शेंड्याला लागतात, आणि तीही जून-जुलैच्या भाजून काढणाऱ्या उन्हात.

एवढ्या उंचावर हात पोचणार कसा? मेलेल्या सग्वारोच्या आत लाकडी फासळ्या असतात. त्या एकमेकांना जोडून लांब काठी करतात, टोकाला आडवा तुकडा बांधतात आणि फळ ढकलून किंवा ओढून पाडतात. फळ चिरायला सुरीही लागत नाही, फळाच्या टोकाला वाळून कडक झालेल्या फुलानेच साल कापतात. गर काढून घेतल्यावर पहिल्या फळांच्या साली लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात. पाऊस यावा म्हणून. गर उकळून, गाळून पाक करतात, त्यातल्या काही पाकाची दारू आंबवतात आणि ती पावसाच्या विधीत सगळे मिळून पितात. त्या वाळवंटातही मान्सून असतो आणि तो याच सुमाराला येतो.

वसंतात हेच लोक चोया नावाच्या दुसऱ्या कॅक्टसच्या कळ्या फुलायच्या आधी चिमट्याने तोडतात, काटे झाडून काढतात, खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजतात आणि वाळवून वर्षभर ठेवतात. आपल्याकडच्या सांडग्यांसारखं, उन्हाळ्यात करून ठेवायचं आणि अडीअडचणीला काढायचं.

ॲरिझोनात सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे. झाड तोडणं किंवा उचलून नेणं गुन्हा आहे, आणि कुठल्या जमिनीवर काय तोडता येईल यालाही परवानगी लागते.

भारतात हा आला कुठून?

कॅक्टस हे मूळचं अमेरिका खंडांचं कुळ. भारतात ते युरोपीय जहाजांतून आलं. त्यामागचं एक कारण फळ नव्हतं, फड्यावर राहणारा एक कीडा होता.

कोचिनियल नावाचा हा पांढऱ्या कापसासारखा दिसणारा कीडा चिरडला की गर्द किरमिजी रंग मिळतो. मेक्सिकोतून येणाऱ्या या रंगावर स्पेनची मक्तेदारी होती आणि युरोपात त्याला सोन्याचा भाव. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग भारतात पिकवायचा होता. १७९५ मध्ये नील्सन नावाचा एक कप्तान ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोहून कीडा लागलेला निवडुंग घेऊन कलकत्त्याला उतरला. पण आणलेला कीडा हलक्या प्रतीचा निघाला. रंगाचा धंदा काही बसला नाही.

कीड्याने मात्र भलतंच काम केलं. भारतात पसरलेला एक जातीचा फड्या त्याने फस्त करून टाकला. ते पाहून १८६० च्या दशकात त्याला मुद्दाम दक्षिण भारतात आणि तिथून श्रीलंकेत नेण्यात आलं. एका देशातला कीडा दुसऱ्या देशात तण मारायला सोडण्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानलं जातं. दुसऱ्या जातीच्या फड्याला तो तोंड लावत नव्हता, म्हणून १९२६ मध्ये त्याच गोत्रातला दुसरा कीडा श्रीलंकेतून आणला गेला आणि काही वर्षांत दक्षिणेतली फड्याची रानंच्या रानं वाळून गेली. आज माळावर दिसणारा फड्या हा त्यातून उरलेला आणि ज्या जातींवर हे कीडे फारसे चालले नाहीत त्यांचा आहे. फड्यावर कधी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर नखाने चिरडून पाहा. लाल रंग आला तर तो हाच पाहुणा.

ऑस्ट्रेलियात तर फड्याने सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन गिळली होती. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून एका पतंगाच्या अळ्या आणल्या, पुढच्या वर्षापासून सोडल्या, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निवडुंग कोसळला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात १९३६ मध्ये बांधलेलं सभागृह त्या पतंगाच्या नावाने आहे.

आणि मादागास्करमध्ये?

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मादागास्करची फारशी सांगितली जात नाही, आणि "निवडुंग म्हणजे नुसतं तण" म्हणणाऱ्यांनी ती ऐकायलाच हवी.

या बेटाच्या दक्षिण टोकाला अँद्रोय नावाचा अतिशय कोरडा प्रदेश आहे. फ्रेंचांनी १८व्या शतकात तिथे फड्या आणला. दीडशे वर्षांत तिथल्या अँतँद्रोय गुराख्यांनी त्याला आपलंसं केलं. स्थानिक भाषेत तो 'राकेता'. त्याची कुंपणं गावाभोवती इतकी दाट होती की फ्रेंच फौजांना आत शिरणं जड जाई. उन्हाळ्यात काटे जाळून तोच गुरांना चारा आणि तेच पाणी. माणसं महिनोन्महिने त्याच्या फळांवर काढत. थोडक्यात, त्या कोरड्या मुलखात माणसांना टिकून राहता येत होतं ते निवडुंगामुळे.

१९२० च्या दशकात, फ्रेंच राजवटीत, बेटावर कोचिनियलचा कीडा सोडला गेला. तो दक्षिणेत पोचला आणि पाच-सहा वर्षांत अँद्रोयचा निवडुंग नाहीसा झाला. गुरं मेली. त्याच सुमाराला पाऊस हुकला आणि दुष्काळ पडला. माणसं मेली, हजारो लोक मजुरीसाठी बेटाच्या उत्तरेकडे गेले. कीडा दक्षिणेत मुद्दाम सोडला की आपसूक पसरला, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण मोकळ्या झालेल्या जमिनीवर वसाहती शेती करता येईल आणि हट्टी गुराखी मजुरीला येतील, असा हिशेब काही फ्रेंच अधिकारी मांडत होते.

दोन्हीकडे झाड फड्याच, दोन्हीकडे मारणारा कीटकच. ऑस्ट्रेलियात त्याला मारणाऱ्याचं स्मारक झालं, कारण तिथे जमीन गव्हाला आणि गुरांच्या कुरणांना हवी होती. अँद्रोयमध्ये तेच झाड लोकांचं अन्न होतं आणि त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे तिथे निवडुंगाच्या दुसऱ्या जाती लावल्या गेल्या आणि २०१५ च्या दुष्काळात माणसं पुन्हा त्यांच्याच आधाराने तगली. त्यानंतर दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दुष्काळी भागांसाठी निवडुंग लागवडीवर जाडजूड पुस्तकच काढलं.

महाराष्ट्रात आज

निवडुंग गुरांना घालण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. अलीकडे काट्याविना निवडुंगावर जास्त काम झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आणलेले वाण लावून पाहिले. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी त्याचा प्रसार केला आहे. बिनकाट्याचा निवडुंग जगभर गाजवला तो कॅलिफोर्नियाच्या ल्यूथर बरबँक यांनी, १९०७ च्या सुमारास. परमहंस योगानंद यांनी आपलं प्रसिद्ध आत्मचरित्र याच बरबँकना अर्पण केलं आहे. अशा वाणाचा कोवळा फडा भाजीलाही चालतो, रानटीपेक्षा कितीतरी सोपा.

रानातली बोंडं तोडायची असतील तर दोन-तीन गोष्टी पाहून घ्या. रस्त्याकडेची, कारखान्याजवळची किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची नकोत. ज्याचा बांध त्याला विचारा, वनखात्याची जमीन असेल तर तोडण्याआधी तिथल्या वनरक्षकाशी बोला. फड्याच्या दाट जाळीत साप, विंचू आणि मधमाश्या असतात, हात घालण्याआधी काठी आपटा. सगळी बोंडं तोडू नका, पक्षी आणि खारींचा वाटा त्यात असतो. आणि फडे उचलून दुसऱ्या माळावर "झाडं लावा" म्हणून फेकू नका. एक तुकडा पडला तरी मुळं धरतो, ऑस्ट्रेलियाचं तसंच झालं होतं.

एवढी खटपट नको असेल तर बाजारात कॅक्टसचं एक फळ कुसळांशिवाय मिळतंच. सांगली, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट, ज्याचं गुजरात सरकारने २०२१ मध्ये 'कमलम' असं बारसं केलं, तेही एका वेलीसारख्या कॅक्टसचंच फळ आहे. त्याच्या बिया बारीक आणि मऊ असतात, त्यामुळे वर सांगितलेला बियांचा धोका तिथे नाही. लाल गराचं खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी लघवी लाल मात्र तेही करतं.